नारळाचा हिशेब

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. 2023 चा जानेवारी. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती, सगळ्यांनी रक्त दिलं म्हणून मीही दिलं. एकूण कोलेस्टेरॉल 252, ट्रायग्लिसराइड 165, एचडीएल 44, एलडीएल 175. एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, एचडीएल चांगलं, आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी. शेवटच्या, एलडीएलच्या आकड्यापुढे लाल बाण होता. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा मी परत पहिल्यापासून तपासायला घेतला, कारण आधीचे चार पेपर कसे तपासले ते मला आठवेना.

माझ्या वडिलांना चोपन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला. ते एसटीत कंडक्टर होते. रात्रपाळी करून घरी आले, छातीत जळजळतंय म्हणाले. आईने ओवा आणि सोडा दिला. पित्ताचा त्रास त्यांना नेहमीचाच होता, त्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही. अर्ध्या तासात घामाने बनियन भिजून अंगाला चिकटलं. गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. साल 1998, मी तेवीस वर्षांची, धाकटा भाऊ एकोणिसाचा. वडील बारीक अंगकाठीचे होते, दारू नाही, तंबाखू नाही. त्यांचं रक्त कधी कोणी तपासलंच नाही.

त्यानंतर इतकी वर्षं मी एकच गोष्ट धरून बसले होते: हे पुरुषांचं दुखणं आहे, भावाने सांभाळायला हवं. मी सावंतवाडीत सासरी, भाऊ डोंबिवलीला. दर फोनला मी त्याला विचारायचे, तपासून घेतलंस का? स्वतःचं मात्र कधी बघितलं नाही. शेवटचं रक्त तपासलं होतं ते मुलीच्या वेळच्या बाळंतपणात.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, पाळी थांबली का?" वर्ष झालं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की इस्ट्रोजेन असेपर्यंत बाईच्या शरीराला त्याची बरीच मदत असते. ते कमी झालं की त्या एक-दोन वर्षांत एलडीएल चढतो. मग वडिलांचं वय विचारलं. चोपन्न म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने गाठली गेली असेल, तर ती जवळची आणि जड खूण समजतात. त्यांनी आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. एक थायरॉइडची, कारण थायरॉइड मंदावलं तरी कोलेस्टेरॉल वाढतं आणि मग पथ्य करून काही उपयोग होत नाही. दुसरी लायपोप्रोटीन ए नावाची, एलडीएलसारख्याच एका कणाची. ती आयुष्यात एकदा केली तरी चालते, कारण तो आकडा जन्मतःच ठरलेला असतो, खाण्यापिण्याने हलत नाही. दोन्ही ठीक आल्या. साखर काठावर, 98. रक्तदाब 128/82. वजन 68 किलो, उंची पाच फूट एक इंच.

"कोलेस्टेरॉलची गोळी आज सुरू केली तरी चुकीचं होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण साखर नाही, बीपी नाही. तीन महिने देतो. नुसतं तेलकट कमी करते असं नको. आठ दिवस जे तोंडात जाईल ते लिहून आणा. मोजून लिहा."

मी ते लगेच केलं नाही, हे सांगायला हवं, कारण पहिला महिना मी फुकट घालवला. मला जे ऐकून माहीत होतं ते मी केलं. अंडी बंद. मासे बंद, सुंगटं, म्हणजे कोळंबी, तर बघायचीही नाहीत. तेलाच्या पाकिटावर कोलेस्टेरॉल फ्री लिहिलेलं बघून ते आणलं. खरं तर कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. शेंगदाण्यात नाही, करडईत नाही, नारळातही नाही. ते प्राण्याच्या शरीरातच तयार होतं, आणि आपल्या रक्तातलं बहुतेक आपलं यकृतच बनवतं. विज्ञान शिकवणाऱ्या मला हे आठवायला हवं होतं. भीतीने माणूस पाठ असलेलं विसरतो.

महिना गेल्यावर एका रविवारी शाळेची जुनी वही काढली आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं लिहायला घेतलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा, जो मुलीच्या केकसाठी आणला होता, तो ओट्यावर ठेवला.

पहिल्याच दिवशी नारळ समोर आला.

आमच्या घरी माणसं चार: सासूबाई, आम्ही दोघं, मुलगी. आणि रोज एक नारळ. परसात माड आहेत, त्यामुळे नारळ विकत आणतोय असं कधी वाटलंच नाही. सकाळी आंबोळीबरोबर चटणी, दुपारी आमटीला वाटप, भाजीवर ओलं खोबरं, माशाच्या कढीला वाटप, आणि उरलेल्याचा रस काढून सोलकढी. खवून काट्यावर ठेवला तर एका नारळाचा चव भरला पावणेतीनशे ग्रॅम. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 33 ग्रॅम चरबी असते आणि त्यातली तीसेक ग्रॅम संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी. चौघांत वाटलं तर माझ्या वाट्याला दिवसाला वीस ग्रॅम संपृक्त चरबी नुसत्या नारळातून येत होती. आणि डॉक्टरांनी माझ्यासाठी दिवसभराची जी मर्यादा घातली होती ती होती तेरा-चौदा ग्रॅम, सगळं मिळून.

दुसरा धक्का चहाचा. मी दिवसाला चार कप घेते. घरचा चहा म्हणजे म्हशीच्या दुधाचा, पाण्यापेक्षा दूध जास्त. एका कपात साठ मिली दूध धरलं तर चार कपांत पाव लिटर. म्हशीच्या दुधात शंभर मिलीला साडेसहा-सात ग्रॅम स्निग्धांश, त्यातला दोन तृतीयांश संपृक्त. म्हणजे चहातूनच दहा ग्रॅम गेली. शिवाय शाळेतून आल्यावर त्या चहाबरोबर दोन खाऱ्या. खारीचे ते पापुद्रे कशाने सुटतात ते बेकरीत उभं राहून बघितलं की कळतं.

आणि ह्या सगळ्यात मी काय बंद केलं होतं? आठवड्याची तीन अंडी आणि बांगडा.

वर्गात मी संपृक्त आणि असंपृक्त हायड्रोकार्बन शिकवते. कार्बनच्या साखळीत सगळे एकेरी बंध असले की ती संपृक्त, कुठे दुहेरी बंध आला की असंपृक्त. संपृक्त रेणू सरळ असतात, एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून ती चरबी लवकर गोठते. जानेवारीत सकाळी आमच्या न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पांढरी होऊन बसलेली असते, तेव्हा स्वयंपाकघरातलं शेंगदाणा तेल पातळच असतं. हे उदाहरण मी मुलांना पंधरा-सोळा वर्षं देत आले होते.

मग मी त्याच्या पुढचं वाचलं. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून आत घेणारे ग्राही असतात, मी त्यांना दारं म्हणते. ह्या दारांचा शोध लावल्याबद्दल मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोघांना 1985 चं नोबेल मिळालं. खाण्यात संपृक्त चरबी वाढली की ही दारं कमी होतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतो. अंड्यातल्या बलकाचा परिणाम बहुतेकांमध्ये ह्यापेक्षा बराच लहान असतो. पाण्यात विरघळणारा, बुळबुळीत होणारा तंतू मात्र उलटं काम करतो. आतड्यात तो पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. नवीन पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते मग रक्तातून ओढून घेतं. हे समजलं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी करता येण्यासारखं आहे. नुसतं घाबरून बसायचं नाही.

पुन्हा डॉक्टरांकडे गेले, वही दाखवली. त्यांनी शांतपणे सगळी पानं वाचली. अंडी आठवड्याला चार चालतील म्हणाले, बांगडा आणि तारली तर खाच. "नारळाचं मात्र तुम्हीच बघा. मी सांगितलं तर घरात भांडण माझ्या नावावर होईल."

भांडण झालं नाही, पण सासूबाई दुखावल्या. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं, वय ऐंशीच्या घरात. मी पहिल्यांदा आमटीला नारळाशिवाय वाटप केलं, भाजलेला कांदा, पंढरपुरी डाळं आणि एक चमचा तीळ असं. त्यांनी पहिला घास घेतला, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "गो, हेच्यात नारळ खंय हा?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, ताक-भात खाऊन उठल्या. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने पन्नास-साठ वर्षं ह्या घराला नारळ खवून घातला, तिला मी सांगत होते की ते चुकलं. तसं नव्हतंच. त्या विहिरीचं पाणी शेंदत होत्या, भात कांडत होत्या, तरव्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून असायच्या. मी दिवसभर खुर्चीवर आणि फळ्यापुढे, आणि माझ्या रक्तात वडिलांचं काहीतरी उतरलेलं.

दोन दिवसांनी मी त्यांच्याजवळ बसले आणि वडिलांचं सगळं सांगितलं, अगदी त्या भिजलेल्या बनियनसकट. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ते कधी बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे कुळथाच्या पिठीला कधी नारळ घालत नसत, तुला येते का? आणि तिखलं? त्यालाही नको. मग त्यांनी एकेक आठवून सांगायला सुरुवात केली. नारळ नसतानाच्या दिवसांत काय करायचे, पावसाळ्यात माड चढणारा आला नाही की काय करायचे. लसूण-कोकमाची कुळथाची पिठी. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं. सोलकढीच्या जागी फुटी कढी: कोकमाचं आगळ, पाणी, हिंग, जिरं, मिरची आणि कोथिंबीर, रस नाहीच. अळूचं फदफदं चिंच-गुळाचं, शेंगदाणे घालून. मी पुस्तकांत आणि मोबाइलवर जे शोधत होते ते माझ्याच घरात, एका माणसाच्या डोक्यात होतं.

नारळ बंद केला नाही. बंद केला असता तर महिनाभरात सगळं सोडून दिलं असतं, हे मला माझ्याबद्दल नक्की माहीत आहे. रोजच्या एकाच्या जागी आठवड्याला दोन आले. नारळ एकदम खवायचा, स्टीलच्या चपट्या डब्यात भरायचा, डबा फ्रिजरमध्ये, आणि डब्यातच एक मापाचा चमचा ठेवलेला. भाजीवर चौघांत दोन चमचे. माशाच्या कढीला रविवारी पुरतं वाटप, त्या दिवशी हात आखडायचा नाही. बाकीचे नारळ आता शेजारी आणि शाळेतल्या सहकाऱ्यांकडे जातात.

चहाचे चारचे दोन कप केले आणि दूध बदललं. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीड. पहिला आठवडा चहा पाणचट लागला, मग जीभ रुळली. साखर अर्धी केली. खारीच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा दहा-बारा बदाम. तेलाच्या पाच लिटरच्या डब्यावर मी मार्करने तारीख घालायला लागले. आधीचा डबा बिलावरून बघितला तर सव्वीस दिवसांत संपला होता, म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ पन्नास मिली. आता तो बावन्न दिवस जातो. माणशी महिन्याला अर्धा लिटर असं सांगतात, तिथवर आम्ही पोचलेलो नाही. तळण गेलं नाही, फक्त बांगडा कढईतून तव्यावर आला, आणि बाटलीतून सरळ ओतायचं थांबलं.

चालण्याचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पहाटे पावणेसहाला मोती तलावावर जायचं, पस्तीस-चाळीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. आठवड्यातून पाच दिवस. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखल्या. पावसाळ्यात तलाव सुटला, तेव्हा शाळेच्या लांब व्हरांड्यात शिपाई कुलूप काढायच्या वेळेला जाऊन फेऱ्या मारल्या. चालण्याने एलडीएल फारसा उतरत नाही. ट्रायग्लिसराइड उतरतात, वजन उतरतं आणि झोप लागते.

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त दिलं. एकूण 222, ट्रायग्लिसराइड 128, एचडीएल 45. एलडीएलचा आकडा खाली होता, पण मी आधी तो हातानेच काढला. बहुतेक प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. 1972 सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे: एकूणातून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. म्हणजे 222 उणे 45 उणे 25.6. रिपोर्टच्या पाठीवर पेन्सिलीने वजाबाकी केली, 151.4 आलं. छापलेला आकडाही 151 होता. मी तिथेच प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले. रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं.

डॉक्टर खूश होते, पण थांबू नका म्हणाले. 151 म्हणजे अजून जास्तच. त्यांनी पुढचा टप्पा सांगितला: आता काढून टाकण्यापेक्षा घालण्यावर लक्ष द्या. त्या सुट्टीत मला टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स ह्यांच्या प्रयोगाबद्दल वाचायला मिळालं. 2003 साली त्यांनी 46 जणांवर महिनाभर तो केला होता. एका गटाला नुसता कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, तिसऱ्याला निवडक पदार्थांचा एकत्र आहार: ओट्स, जव, इसबगोल, सोया, बदाम, वनस्पतींमधले स्टेरॉल असलेलं मार्जरीन. आणि भाज्यांत त्यांनी मुद्दाम निवडली होती भेंडी आणि वांगं! कॅनडातल्या प्रयोगाच्या यादीत भेंडी-वांगं बघून मला माझ्या परसातली दोन माणसं परदेशात भेटल्यासारखं झालं. पहिल्या गटाचा एलडीएल 8 टक्के उतरला, गोळीवाल्यांचा 30.9 टक्के, आणि तिसऱ्या गटाचा 28.6. पण त्या लोकांना सगळं अन्न तयार करून पुरवलं होतं. पुढे घरी राहून स्वतः करायला सांगितलं तेव्हा सहा महिन्यांत तो उतार साधारण 13 टक्क्यांवर आला. हे दोन्ही आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, म्हणजे आशा किती धरायची ते ठरेल.

इसबगोलाने सुरुवात केली. पहिल्या दिवशी उत्साहाने दोन मोठे चमचे घेतले आणि दिवसभर पोट फुगून बसले, पाचवीच्या तासाला उभं राहवेना. मग एक छोटा चमचा, चार दिवसांनी दोन, असं करत दोन आठवड्यांत दिवसाला दहा ग्रॅमपर्यंत गेले. अर्धे दुपारच्या जेवणाआधी, अर्धे रात्री. मोठा पेलाभर पाण्यात घालून ढवळायचं आणि लगेच प्यायचं, थांबलं की त्याची खळ होते. वर आणखी एक पेला पाणी. दुसरी काही गोळी असेल तर तिच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळीही त्यातच अडकते.

जव मात्र मला मनापासून आवडले. वाण्याकडे सोललेले मिळतात, काही दुकानांत बार्ली म्हटल्यावर कळतं. रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकरला पाच शिट्ट्या. शिजले की मोत्यासारखे फुगतात आणि दाताखाली हलके चिवट लागतात. उकड्या तांदळाच्या भातात अर्धे-अर्धे मिसळले की माशाच्या कढीबरोबर छान जातात, पेजेतही चालतात. सासूबाईंनी पेज चाखली आणि मीठ मागितलं. त्यांनी मीठ मागितलं म्हणजे त्या जेवणार. ओट्स मला जमले नाहीत, लापशीसारखे लागतात, आठवड्यातून एकदा कांदा-मिरची घालून उपमा करते तेवढंच. भेंडी आठवड्यातून तीनदा, तव्यावर, कापून लगेच. कुळीथ, मटकी, चवळी ह्यातलं काहीतरी रोज एक वाटी. भात कमी आणि उसळ जास्त.

ऑगस्टच्या शेवटी तिसरा रिपोर्ट. एकूण 201, ट्रायग्लिसराइड 110, एचडीएल 48, एलडीएल 131. वजन साडेबासष्ट. 175 चे 131, म्हणजे पंचवीस टक्के. एचडीएल बायकांत पन्नासच्या वर असावा म्हणतात, तो अजून पोचला नाही.

स्टाफरूममध्ये ही बातमी पसरली आणि तिथे एक गोष्ट घडली, जी मला अजून लागून राहिली आहे. माझ्याबरोबरच्या एक बाई, त्यांना दहा वर्षं मधुमेह आहे, एका दुपारी मला आनंदाने म्हणाल्या, "तुमचं बघून मीही कोलेस्टेरॉलची गोळी सोडली, पंधरा दिवस झाले. जव आणलेत." माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी त्यांना तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायला लावला. मधुमेह असेल, आधी अटॅक येऊन गेला असेल, घराण्यातूनच एलडीएल 190 च्या वर असेल, तर गोळीचं काम जव-भेंडी करू शकत नाहीत. त्यांनी गोळी परत सुरू केली. मला तीन महिने मिळाले ते माझे बाकीचे आकडे तसे होते म्हणून, आणि दर तीन-चार महिन्यांनी कोणीतरी बघत होतं म्हणून. तेव्हापासून मला कोणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?

सप्टेंबरात गणपती. मोदक, खापरोळ्या, पाच दिवसांची माणसं. त्या दिवसांत मी काहीही मोजलं नाही. देवाचं आणि आल्यागेल्याचं करताना चमचा घेऊन उभं राहणं मला पटत नाही. पाठोपाठ दिवाळी आली. डिसेंबरच्या सुरुवातीला तपासलं तर एलडीएल 138 झाला होता. डॉक्टरांनी तो स्वीकारला. 160 च्या पुढे गेला किंवा साखर वाढली तर गोळी सुरू करू, असं आमचं ठरलंय, आणि तसं झालं तर मी ती घेईन.

गणपतीत भाऊ आला होता. मी त्याला माझी वही दाखवली, सगळे रिपोर्ट दाखवले. तो वाचून हसला, म्हणाला, "ताई, तू पहिल्यापासूनच अभ्यासू." वडिलांसारखाच दिसतो, कपाळ तेच, हसताना एक गाल जास्त वर जातो तेही तेच. तपासून घेतो म्हणाला आणि घेतलं नाही. ऑक्टोबरात विचारलं, नोव्हेंबरात विचारलं. ऑफिस, लोकल, मुलाची परीक्षा. मग मी विचारणं सोडलं आणि डिसेंबरात तो गावच्या जत्रेला आला तेव्हा आदल्या रात्रीच सांगितलं: नऊनंतर काही खायचं नाही, सकाळी सातला माझ्याबरोबर यायचंय. जत्रेत त्याने खाजं विकत घेतलं ते पुडक्यातच ठेवलं.

सकाळी थंडी होती. मोती तलावावर धुकं उतरलं होतं, पलीकडचा राजवाडा दिसत नव्हता. प्रयोगशाळेच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. आतल्या मुलीने वय विचारलं. तो म्हणाला, "चव्वेचाळीस." मी कागदावर एलडीएलच्या तपासणीखाली लायपोप्रोटीन ए लिहिलंय का ते बघितलं. त्याने स्वेटरची बाही वर केली आणि मुठ आवळली. सुई आत गेली तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने माझा हात धरला, लहानपणी इंजेक्शनला धरायचा तसा.

बाहेर आल्यावर भूक लागली म्हणाला, घावणे कर आणि चटणी. घरी येऊन मी तवा ठेवला, फ्रिजरमधला डबा काढला. दोन चमचे खोबरं मिक्सरमध्ये घातलं, वर मूठभर डाळं, कोथिंबीर, मिरची, कोकम. तो दारात उभा राहून बघत होता. "एवढाच?" म्हणाला. मी एवढाच म्हटलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "खा रे, बरी लागता." रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळणार होता. त्याने सहा घावणे खाल्ले.